ऊसतोडीच्या गावात आरोग्य सर्वेक्षणाला जाताना

बीड जिल्ह्यात धारूर, वडवणी, केजकडच्या गावांत सर्वेक्षणाला जाणार असाल तर पट्टा पडल्यावर, म्हणजे गळीत हंगाम संपल्यावर जा, एप्रिलनंतर आणि दसऱ्याच्या आत. २०११ ची जनगणना ९ ते २८ फेब्रुवारीत झाली. ऐन गळीत हंगामात या घरांना कुलपं असतात आणि माणसं कारखान्यावर कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत असतात.

‘घरात किती माणसं?’ एवढ्यावर थांबू नका. ‘दिवाळीनंतर कोण कोण तोडीला गेलं? मागं आजीजवळ कोण राहिलं?’ असं विचारा, लेकराबाळांसकट एकेकाचं नाव घेऊन. किती महिने बाहेर होते, तेही नेमकं लिहा. २००७-०८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत तात्पुरतं स्थलांतर म्हणजे वर्षात एक महिना ते सहा महिन्यांच्या आत बाहेर राहणं, अशी व्याख्या होती. हंगाम लांबला की ऊसतोड मजूर तिच्यातून निसटतो. म्हणून तोडीला निघताना गाडी कधी भरली आणि गावात परत कधी आलात, हे दोन्ही विचारा.

वयाला घाई नको. ‘असंल तीस-पस्तीस’ हे उत्तर तसंच लिहिलंत तर सगळी वयं शून्यावर आणि पाचावर गोळा होतात. ‘किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा जन्म झाला होता का? लॉकडाऊनमध्ये कारखान्यावर अडकलात तेव्हा धाकटा किती होता?’ ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट इकडं घरोघरी आठवणीत आहे.

पोरापोरींना ‘शाळेत जाता का?’ विचारलं की ‘हो’च येतं, हजेरीपटावर नाव असतंच. ‘दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत गेलीस का?’ हा खरा प्रश्न. पोरीचं लग्न झालं असेल तर लग्न आणि पहिली तोड यांत किती अंतर होतं तेही विचारा. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यावर उचल, म्हणजे आगाऊ रक्कम मिळते. लवकर लग्नाचं एक मोठं कारण मला तिथंच दिसतं.

सगळ्यात जपून विचारायचं ते पिशवीचं, म्हणजे गर्भाशयाचं. राज्य सरकारच्या २०१९ च्या पाहणीत बीडच्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. हा प्रश्न बाईनं बाईलाच विचारावा, सासू आणि नवरा नसताना. आधी बाळंतपणं विचारा, मग अंगावरून पांढरं जाणं, पोटातलं दुखणं. मग ती स्वतःच ‘पिशवी काढली’ म्हणते. त्यावेळचं वय, आधी कुठले उपचार झाले, दुसऱ्या डॉक्टरला दाखवलं का, ऑपरेशनचा पैसा उचलीतून आला का आणि किती दिवसांनी परत उसाची मोळी उचलली, हे विचारा. शेवटचं उत्तर कधीच गाळू नका. ती रडली तर लिहिणं थांबवा, बसून राहा. नको म्हणाली तर तो रकाना कोरा ठेवा.

मुकादमाचं, म्हणजे उचल देऊन मजूर नेणाऱ्याचं नाव मात्र विचारू नका. उचल फिटलेली नसते, माणसं धास्तावतात. कारखान्याचा तालुका तेवढा लिहून घ्या. हंगामात त्याच कुटुंबाला पुन्हा भेटायचं तर तेवढं पुरतं.