दोन कंपायलरमधला वेगवान कोणता, हे कसं मोजावं

“सर, नवीन क्लँग कंपायलरमुळे प्रोग्रॅम चार टक्के जास्त वेगानं पळतोय,” असं सांगत कोणी आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: जुन्या क्लँगची तुलना जुन्या क्लँगशीच करून पाहिलीस का? उत्तर बहुतेक वेळा नाही असंच येतं. नाशिकच्या इंजिनिअरिंग कॉलेजांमधले शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट असोत, नाहीतर अंबड-सातपूरकडची फर्मवेअरची कामं, सगळीकडे हीच तऱ्हा. आणि सल्ला काय मिळतो? “दहा वेळा चालवा, सरासरी काढा.” चुकीच्या पद्धतीनं दहा वेळा चालवलं की चुकीचंच उत्तर जास्त आत्मविश्वासानं सांगता येतं, एवढाच त्याचा उपयोग.

लिनक्स, टर्मिनल आणि जीसीसी-क्लँग (सोर्सपासून चालणारा प्रोग्रॅम बनवणारे कंपायलर) तुम्हाला वापरता येतात असं धरून चालतो.

काय मोजायचं ते आधी ठरवा

कंपाइल व्हायला लागणारा वेळ, तयार झालेल्या प्रोग्रॅमचा वेग आणि बायनरीचा, म्हणजे तयार झालेल्या फाइलीचा, आकार या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिन्हींसाठी तीन तक्ते करा. मायक्रोकंट्रोलरवर काम करणाऱ्यांनी आकारापासून सुरुवात करावी. तेच फ्लॅग (कंपायलरला कमांडमधून दिलेल्या सूचना), तोच सोर्स असेल तर तो आकडा दर वेळी तोच येतो आणि पुढची निम्मी डोकेदुखी वाचते.

दोन्ही कंपायलर एका पातळीवर आणा

जीसीसीची विकासातली आवृत्ती बिल्ड केली की तिच्यात अंतर्गत तपासण्या चालू असतात. रिलीज आवृत्तीत त्यातल्या बऱ्याचशा बंद असतात. क्लँगचा पाया असलेलं एलएलव्हीएम असर्शन्स (अशाच तपासण्या) चालू ठेवून बिल्ड केलं तरी तेच. मग “नवी आवृत्ती कंपाइल करायला हळू आहे” अशी बोंब होते, पण हळू असतात त्या तपासण्या. दोन्ही कंपायलर स्वतः बिल्ड करणार असाल तर एकाच होस्ट कंपायलरनं (ज्यानं हे दोन्ही बिल्ड होतात तो), एकाच सेटिंगनं करा. एक डिस्ट्रोकडून आलेला आणि एक घरी बिल्ड केलेला, अशी जोडी लावू नका.

फ्लॅगचं नाव एक असलं म्हणून अर्थ एक नसतो. जीसीसी १२ पासून, म्हणजे २०२२ पासून, ओ-टू (-O2) या ऑप्टिमायझेशनच्या पातळीवरच व्हेक्टरायझेशन (एका इन्स्ट्रक्शनमध्ये अनेक आकड्यांवर काम) चालू झालं. त्याआधी जीसीसीत त्यासाठी ओ-थ्री लागायचं. क्लँग मात्र ते आधीपासूनच ओ-टूवर करत होता. त्यामुळे जुन्या जीसीसीचा ओ-टू आणि क्लँगचा ओ-टू शेजारी ठेवून “क्लँग भारी” म्हणणं फसवं होतं. इंटेलचा आयसीएक्स कंपायलर आणखी पुढचा. काही न सांगता तो ओ-टूवर चालतो आणि फ्लोटिंग पॉइंटचे (अपूर्णांकी आकडेमोडीचे) नियम सैल सोडतो. जीसीसी आणि क्लँग काही न सांगितल्यास ओ-झीरोवर, म्हणजे ऑप्टिमायझेशनशिवाय, बसतात. म्हणून ऑप्टिमायझेशनची पातळी, प्रोसेसरचं लक्ष्य आणि फ्लोटिंग पॉइंटचे नियम, तिन्ही स्वतः लिहून द्या. डिफॉल्टवर काहीही सोडू नका.

प्रोग्रॅम निवडा

कंपाइलचा वेळ मोजायला एसक्यूलाइट ही डेटाबेस लायब्ररी उत्तम: सगळा सोर्स एकाच सी फाइलीत मिळतो, दोन लाखांहून जास्त ओळींचा. तयार कोडचा वेग मोजायला एलएलव्हीएमचा टेस्ट-सूट फुकट मिळतो. स्पेक सीपीयू २०१७ या चाचणीसंचात ४३ बेंचमार्क आहेत, पण लायसन्ससाठी पैसे पडतात. शिवाय तुमचा स्वतःचा, रोजच्या कामातला एक तरी प्रोग्रॅम हवाच.

पाच ओळींचा लूप लिहून मोजू नका. त्याचं उत्तर पुढे कुठे वापरलं नाही तर कंपायलर तो लूपच उडवतो आणि तुम्ही रिकाम्या प्रोग्रॅमचा वेळ मोजत बसता. प्रत्येक रनच्या शेवटी चेकसम (उत्तराचा पडताळा घेणारा आकडा) छापून घ्या आणि दोन्ही कंपायलरचा जुळतो का ते पाहा. जुळत नसेल तर वेगाची चर्चा तिथेच थांबवा.

मशीन स्थिर करा

गव्हर्नर (प्रोसेसरचा वेग ठरवणारी लिनक्सची सोय) परफॉर्मन्सवर, टर्बो (प्रोसेसर तात्पुरता जास्त वेगानं पळवणारी सोय) बंद, ब्राउझर बंद, एकाच थ्रेडचा प्रोग्रॅम असेल तर टास्कसेट कमांडनं एका कोअरला बांधलेला. क्लाउडवरचं स्वस्त व्हर्च्युअल मशीन यासाठी नको, शेजारी कोण काय चालवतंय ते कळत नाही.

टर्बो बंद करायला लोक नाखूश असतात, कारण आकडे “वाईट” दिसतात. दिसू देत. मे महिन्यात नाशिकचा पारा दुपारी चाळिशीला टेकतो. पंख्याखाली ठेवलेला लॅपटॉप पहिली काही मिनिटं जोरात पळतो, मग तापतो आणि मुकाट्यानं वेग उतरवतो. तोच लॅपटॉप डिसेंबरच्या पहाटे वेगळे आकडे देतो. टर्बो बंद केला की हा चढउतार पुष्कळ कमी होतो. शक्य असेल तर उन्हाळ्यात मोठे रन रात्री लावा.

दुसरं दुखणं वळवाच्या पावसाचं. वीज जाते, लॅपटॉप बॅटरीवर येतो, प्रोसेसरचा वेग खाली येतो आणि रन मात्र चालूच राहतो. कुठेही एरर दिसत नाही. म्हणून स्क्रिप्टमध्ये प्रत्येक रनबरोबर चार्जर जोडलेला आहे की नाही, कोअरचं तापमान आणि फ्रीक्वेन्सी यांची नोंद टाका. एकेक ओळीचं काम आहे. नंतर शंका आली तर तीच नोंद कामी येते.

आता खरा अवघड भाग: फरक कंपायलरचाच आहे का

इथे मी पुष्कळ काळ अडकून होतो, म्हणून इथे घाई करू देणार नाही.

सगळ्यात आधी क्रम. जुन्या कंपायलरचे दहा रन, मग नव्याचे दहा रन, ही पद्धत सोडून द्या. पहिल्या दहामध्ये मशीन तापत असतं, फाइली कॅशमध्ये येत असतात, मागे कुठलातरी अपडेट चालू असतो. दुसऱ्या दहामध्ये परिस्थिती वेगळी. तुम्ही कंपायलर मोजत नाही, अकरा आणि साडेअकरा वाजण्यातला फरक मोजता. वेळ मोजायला हायपरफाइन चांगलं टूल आहे, वॉर्मअपची सोयही देतं. पण त्याला दोन कमांड दिल्या तर ते पहिलीचे सगळे रन संपवून मग दुसरीकडे वळतं. परफ स्टॅट या लिनक्सच्या मोजणीच्या टूलचा रिपीटही एकाच कमांडपुरता. त्यामुळे साधी शेल स्क्रिप्ट लिहा: एक जोडी घ्या, नाणेफेक करून आधी कोण ते ठरवा, दोघांना लागोपाठ चालवा, मग पुढची जोडी. मशीन हळूहळू तापलंच, तर दोघांनाही सारखाच फटका बसतो.

दुसरं, सुरुवातीला विचारलेला प्रश्न. तोच कंपायलर दुसऱ्या फोल्डरमध्ये कॉपी करा, त्याला “नवीन” म्हणा आणि सगळी प्रक्रिया शेवटपर्यंत चालवा. फरक शून्य यायला हवा. तो येत नाही. जो येतो तो तुमच्या मशीनचा नॉइज. स्वतःशीच तुलना करताना दीड टक्का फरक दिसत असेल, तर खऱ्या तुलनेतल्या एक टक्क्याला काही अर्थ नाही, मग रन दहा असोत की शंभर. ही चाचणी न करता आणलेला कुठलाही तक्ता मी वाचत नाही. लोकांना हे तुसडेपणाचं वाटतं, पण दोन्हीकडचा वेळ वाचतो.

इथवर बरेच जण पोचतात. तरीही फसतात, कारण तिसरी गोष्ट रन वाढवून पकडताच येत नाही. ती म्हणजे मेमरीतली मांडणी. तुमचा सगळ्यात जास्त चालणारा लूप एका कॅश लाइनमध्ये (कॅशचा एक ठरावीक तुकडा) नीट बसला की दोन लाइनींवर पसरला, दोन ब्रँच (अटीवर फुटणाऱ्या वाटा) त्यांचा अंदाज बांधणाऱ्या प्रेडिक्टरच्या एकाच खान्यात येऊन भांडल्या का, स्टॅक कुठल्या पत्त्यापासून सुरू झाला, यावर वेग काही टक्क्यांनी हलतो. कंपायलर बदलला की ही मांडणीही योगायोगानं बदलते. मग ऑप्टिमायझेशनचा फायदा कुठला आणि नशिबाचा कुठला, हे एका बायनरीवरून सांगता येत नाही. लक्षण ओळखायला सोपं आहे: कधीच कॉल न होणारं एक फंक्शन फाइलीत टाका. त्यानं वेग बदलला, तर तुम्ही मांडणी मोजताय.

हे माझं खूळ नाही. २००९ साली मित्कोविच, दिवाण, हाउसविर्थ आणि स्वीनी यांनी एएसपीएलओएस या संगणकशास्त्राच्या परिषदेत हेच दाखवून दिलं. तुकडे जोडून बायनरी बनवणाऱ्या लिंकरला ऑब्जेक्ट फाइली (कंपाइल झालेले तुकडे) कुठल्या क्रमानं दिल्या आणि शेलमधल्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सची एकूण लांबी किती, एवढ्यावरून ओ-थ्री हा ओ-टूपेक्षा चांगला की वाईट, हा निष्कर्षच उलटा होऊ शकतो. म्हणजे युजरनेम लांब असलेल्या माणसाला वेगळं उत्तर मिळू शकतं! २०१३ मध्ये कर्टसिंगर आणि बर्गर यांनी स्टॅबिलायझर नावाचं टूल करून प्रोग्रॅम चालू असतानाच मांडणी पुन्हा पुन्हा ढवळली. त्यांच्या मोजणीत एलएलव्हीएमचा ओ-थ्री आणि ओ-टू यांतला फरक नॉइजपासून वेगळा काढता आला नाही.

तर करायचं काय? प्रत्येक कंपायलरच्या एकेका बायनरीवर विसंबू नका. ऑब्जेक्ट फाइलींचा क्रम बदलून प्रत्येकी निदान दहा-पंधरा बायनरी बनवा. प्रत्येक फंक्शन वेगळ्या सेक्शनमध्ये टाकून कंपाइल केलंत तर एलएलडी लिंकरच्या शफल-सेक्शन्स पर्यायानं, दर वेळी वेगळा सीड (क्रम कसा ढवळायचा ते ठरवणारा आकडा) देऊन, हे आपोआप होतं. प्रत्येक बायनरी थोड्याच वेळा चालवा. एक बायनरी म्हणजे एक नमुना. एकाच बायनरीचे पन्नास रन हे पन्नास नमुने नव्हेत, हे डोक्यात पक्कं बसवा. स्वतःशी तुलनेची चाचणीही दोनदा करा: एकदा जशास तशी, एकदा लिंकिंगचा क्रम बदलून. दुसऱ्या वेळी आलेला फरक सहसा मोठा असतो, आणि खऱ्या तुलनेला लावायची मोजपट्टी तीच. फोल्डरची नावं सारख्या लांबीची ठेवा. “जुना” आणि “नवीन-प्रयोग-अंतिम” असं नको. आणि पत्ते यादृच्छिक करणारी एएसएलआर सोय बंद करा, हा सर्रास मिळणारा सल्ला अंतिम मोजणीसाठी मला पटत नाही. बंद केल्यावर आकडे स्थिर होतात, पण एकाच मांडणीवर गोठून. एखादा बग शोधताना बंद करा. तुलनेला चालू असू द्या आणि प्रोसेस पुन्हा पुन्हा नव्यानं सुरू करा.

कंपाइलचा वेळ मोजणाऱ्यांना मात्र एक सोपी वाट आहे: वेळेऐवजी युजर मोडमध्ये चाललेल्या इन्स्ट्रक्शन मोजा. परफ स्टॅट ते देतो, आणि हा आकडा तापमानानं हलत नाही. एलएलव्हीएमचा कंपाइल-टाइम ट्रॅकर आणि रस्ट कंपायलरची कामगिरी तपासणारी मंडळी मुख्यतः हाच आकडा पाहतात. पण तयार झालेल्या प्रोग्रॅमचा वेग इन्स्ट्रक्शन मोजून ठरवू नका. व्हेक्टर कोडमध्ये इन्स्ट्रक्शन कमी असतात, पण वेळ त्या प्रमाणात कमी होईलच असं नाही. कॅश मिस तर त्या आकड्यात दिसतच नाही.

आकडे जुळवा

प्रत्येक प्रोग्रॅमसाठी मीडियन (आकडे क्रमानं लावल्यावर मधला) घ्या आणि शेजारी सगळ्यात कमी, सगळ्यात जास्त हेही लिहा. लासलगावचा कांद्याचा भाव छापतानासुद्धा किमान, कमाल आणि सरासरी असे तिन्ही देतात. नुसत्या कमाल भावावर कोणी हिशेब मांडत नाही. “विचित्र” वाटलेला रन डोळ्यांनी पाहून खोडू नका. नोंदीत चार्जर निघालेला दिसला तर ती अख्खी जोडी काढा, नाहीतर राहू द्या.

अनेक प्रोग्रॅमचं मिळून एकच गुणोत्तर द्यायचं असेल तर भूमितीय मध्य (सगळ्यांचा गुणाकार करून, जितकी गुणोत्तरं तितकं मूळ) वापरा. एका प्रोग्रॅमला ‘अ’ कंपायलरमुळे १० सेकंद आणि ‘ब’मुळे ५ लागले, दुसऱ्याला उलट ५ आणि १०, तर गुणोत्तरं ०.५ आणि २. साधी सरासरी १.२५, म्हणजे एक जण पंचवीस टक्के हळू. आणि उलट भागलं तर दुसराही पंचवीस टक्के हळू. भूमितीय मध्य १ येतो. फ्लेमिंग आणि वॉलेस यांनी १९८६ मध्येच हे लिहून ठेवलंय, तरी अजून साध्या सरासरीचे तक्ते येतात.

नोंद ठेवा

कंपायलरची नेमकी आवृत्ती, पूर्ण कमांड, कर्नल, मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर), प्रोसेसर, लिंकिंगचे सीड आणि स्वतःशी तुलनेचा निकाल एका फाइलीत; कच्चे आकडे दुसऱ्या. तीन महिन्यांनी नवा कंपायलर आला की जुन्या फाइलीतले आकडे उचलून त्याच्यासमोर ठेवू नका. तोपर्यंत कर्नल बदललेला असतो, मायक्रोकोड बदललेला असतो आणि ऋतूही. जुना कंपायलर पुन्हा काढा आणि नव्याबरोबर जोडीनं चालवा.