केमोत तोल सांभाळायचा तर पहिल्या सलाईनआधी तो तपासून ठेवा

सिसप्लॅटिन हे केमोचं औषध लागणार म्हटलं की घरचे केसांचं विचारतात, उलट्यांचं विचारतात, नारळपाणी चालेल का विचारतात. हे औषध आतल्या कानातल्या तोलाच्या पेशींनाही मारू शकतं, पण तोलाचं कुणी विचारत नाही. मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे कान आणि तोल तपासणारी आहे. तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचे पेशंट माझ्याकडे रोजचेच, आणि त्यातले बरेच जण चार महिने उशिरा येतात.

आधी एक भ्रम काढून टाकू. आतल्या कानातल्या तोलाच्या पेशींना केमोपासून वाचवणारी मान्यताप्राप्त गोळी आज नाही. सोडियम थायोसल्फेटला २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, पण ती लहान मुलांसाठी, न पसरलेल्या गाठींसाठी आणि फक्त ऐकणं वाचवण्यासाठी. तेही सिसप्लॅटिनची सलाईन संपल्यावर सहा तासांनी शिरेतून देतात. कानात लसणाचं कोमट तेल घालून काही होत नाही, कारण या पेशी पडद्याच्या पलीकडे, हाडाच्या आत आहेत. 'अँटिऑक्सिडंट'च्या डब्या ऑन्कॉलॉजिस्टला (कॅन्सरच्या डॉक्टरांना) न विचारता आणू नका. गाठीलाही त्यांचा फायदा होऊ शकतो. मग हातात उरतं काय? कानाला दुसरं विष लागू न देणं, बिघाड लवकर पकडणं आणि मेंदूला सवय लावणं.

दुसऱ्या विषाचं काम एका चिठ्ठीत होतं. पूर्वी टीबीसाठी स्ट्रेप्टोमायसिन, कॅनामायसिन किंवा अमिकासिनची इंजेक्शनं झाली असतील, किडनीचा त्रास असेल, आधीच कमी ऐकू येत असेल, तर पहिल्या भेटीतच सांगा. केमोच्या दिवसांत ताप येऊन गावच्या दवाखान्यात जावं लागलं तर 'सिसप्लॅटिन चालू आहे' हे आधी सांगायचं. जेंटामायसिन-अमिकासिनसारखी अँटिबायोटिक्स आणि लघवी वाढवणारं लॅसिक्स, दोन्ही कानाला जड जातात. जीव वाचवायला तीच लागली तर घ्यायचीच, पण पर्याय आहे का हे विचारायला लाजू नका. पाणी डॉक्टर सांगतील तेवढं प्या; किडनी मंदावली की औषध रक्तात जास्त वेळ रेंगाळतं.

कानाची तपासणी पहिल्या डोसआधी करून घ्या, आणि ८००० हर्ट्झच्या वरचे स्वरही तपासायला सांगा. पण कान ऐकतोय म्हणून तोल शाबूत आहे असं समजू नका. दोन्ही वेगळे बिघडू शकतात.

आता अवघड भाग. लोक चक्कर येण्याची वाट बघत बसतात. एक कान अचानक गेला की घर गरगर फिरतं. सिसप्लॅटिन मात्र दोन्ही कानांना सारखंच आणि हळूहळू मारतं, त्यामुळे बहुतेकांना गरगर होत नाही. सोलापूरकडच्या एक मावशी म्हणाल्या होत्या, "चक्कर नाही हो, पण एसटीतनं पाट्या वाचता येत नाहीत, सगळं थरथरतंय." डोकं हललं तरी नजर स्थिर ठेवणं हे कानाचं काम, आणि त्यांचं नेमकं तेच गेलं होतं. घरच्यांनी 'अशक्तपणा' म्हणून डाळिंबाचा रस चालू केला होता.

हे घरी पकडता येतं. चष्म्याच्या दुकानात असतो तसा लहान लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता छापून डोळ्यांच्या उंचीवर लावा. पेशंटला रोजचा चष्मा लावून खुर्चीत बसवा आणि डोकं स्थिर ठेवून कितवी ओळ वाचता येते ते लिहा. मग मागे उभं राहून दोन्ही तळव्यांत डोकं धरा, हनुवटी किंचित खाली घ्या आणि डोकं डावी-उजवीकडे थोडंसंच हलवा, नकार देताना हलतं तेवढंच. हलवत असतानाच पुन्हा वाचायला सांगा. एखादी ओळ मागे जाणं चालतं. दोनपेक्षा जास्त ओळी मागे गेल्या तर डॉक्टरांना फोन लावा.

हे नीट जमायला मलाही बराच काळ लागला, कारण वेगाची गोम आहे. डोकं सावकाश हलवलं तर कान मेलेला असला तरी डोळे आपलेआप माग काढतात आणि तपासणी खोटी पास होते. सेकंदाला दोन फेऱ्या व्हायला हव्यात. मोबाईलवर तालाचं अ‍ॅप लावा. दुसरी लबाडी पेशंट नकळत करतो: डोकं टोकाला थबकलं की पटकन वाचून घेतो. थबकू देऊ नका. आणि तक्ता बदलत राहा, तिसऱ्या वेळी तो पाठ झालेला असतो. मानेचं ऑपरेशन झालंय, मानेला रेडिएशन चालू आहे किंवा मणक्यात आजार आहे, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय डोक्याला हात लावायचा नाही.

हे पहिल्या डोसआधी आणि मग प्रत्येक डोसच्या आदल्या दिवशी करा. उलट्यांच्या दिवसांत नको, काहीच कळत नाही. पहिला आकडा नसेल तर पुढचे सगळे आकडे बिनकामाचे, म्हणून मी एवढी मागे लागते.

आकडा घसरला म्हणून केमो स्वतःहून थांबवू नका. वही घेऊन ऑन्कॉलॉजिस्टकडे जा. तीन आठवड्यांतून एकदा मोठा डोस द्यायचा, आठवड्याला थोडं थोडं द्यायचं, की कार्बोप्लॅटिन या त्याच जातीच्या दुसऱ्या औषधाकडे वळायचं, याचा हिशोब गाठ बघून होतो आणि तो त्यांनीच करायचा.

चक्करेच्या गोळ्यांवर माझं मत कडक आहे. उलटीसाठी डॉक्टरांनी दिलेलं औषध घ्या. पण मेडिकलमधून स्टेमेटिल किंवा स्टुजेरॉन आणून महिनोन्‌महिने चालू ठेवणं म्हणजे मेंदूला शिकूच न देणं. त्याऐवजी व्यायाम: हातभर अंतरावर अंगठा धरा, नखावर नजर रोखा आणि नख स्पष्ट दिसेल त्याच वेगाने डोकं डावी-उजवीकडे हलवा. एक मिनिट, दिवसातून तीनदा, आधी बसून. थोडं भणभणलं तर चालेल. मानेची अट इथेही तीच. पुढचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिका.

कुशीवर वळताना काही सेकंद गरगरत असेल तर तो कानातल्या खड्यांचा प्रकार, त्यावर डोकं ठरावीक रीतीने वळवून इलाज होतो. उठल्यावर अंधारी आली तर रक्तदाब बघा. एकाला दोन दिसणं, बोबडी वळणं, एक बाजू लुळी पडणं: तडक हॉस्पिटल.

पायांचे तळवे बधिर असतील तर तोलाची सगळी मदार डोळ्यांवर येते. बाथरूमच्या वाटेवर रात्रभर दिवा ठेवा, घरात घसरत्या सपाता नकोत, शिडी नको, रात्रीची दुचाकी नको. शेवटचा डोस झाल्यावर आणि पुन्हा काही महिन्यांनी तपासणी करून घ्या. हे औषध कानात फार काळ साठून राहतं आणि घसरण नंतरही दिसू शकते. आणि पट्टीचे पोहणारे असाल तरी तोपर्यंत विहिरीत उडी मारायची नाही. पाण्याखाली पायांना जमीन नसते, डोळ्यांना धड दिसत नाही, आणि कान गेलेला असेल तर वर कुठे आणि खाली कुठे हे कळत नाही.