बोटीच्या ट्रेलरचं बेअरिंग बदलताना सील का विसरायचं नाही

उसाच्या ट्रॉलीचं बेअरिंग वजनानं जातं, बोटीच्या ट्रेलरचं पाण्यानं. टेंभुर्णीच्या बाजूला माझं गॅरेज आहे आणि दोन्ही गिऱ्हाइकं येतात. गाळप हंगामात ट्रॉल्या. उन्हाळ्यात उजनी धरण मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्याच्याही खाली गेलं, काठ मागं सरकला, की बोटी ट्रेलरवर घालून हलवाव्या लागतात, तेव्हा बोटवाले. त्यांची तक्रार ठरलेली: "मिस्त्री, बेअरिंग आत्ता तर बदललं, परत आवाज कसा?" उघडून बघावं तर बेअरिंग नवं आणि सील, म्हणजे पाणी आत येऊ न देणारी रबरी कडी, जुनंच.

डांबरीवरून पळून ट्रेलर आला की हब, म्हणजे चाकाचा मधला, बेअरिंग बसतं तो भाग, तापलेला असतो, आतली हवा फुगलेली. तसाच पाण्यात घातला की हब गार पडतो, हवा आकसते आणि सीलच्या ओठातून, म्हणजे एक्सलवर घासणाऱ्या कडेतून, पाणी आत ओढलं जातं. मग ग्रीस ताकासारखं पांढुरकं होतं. असं ग्रीस दिसलं की बेअरिंग फिरवून बघत बसू नका, बदला.

चाकाचे नट ट्रेलर जमिनीवर असतानाच ढिले करा. दुसऱ्या चाकाला दोन्हीकडून दगड लावा. जॅकनं उचलल्यावर एक्सलखाली घोडी (लोखंडी स्टँड) द्या, नुसत्या जॅकवर हब उघडायचा नाही. चाक काढा, टोपी काढा, नट सुटू नये म्हणून घातलेली स्प्लिट पिन सरळ करून ओढा, नट आणि वॉशर काढा. हब पुढं ओढताना अंगठा मध्ये धरा, नाहीतर बाहेरचं बेअरिंग मातीत पडतं. मागचं सील उचकटून काढा. ते परत वापरायचं नाही, चांगलं दिसत असलं तरी.

आता सगळं डिझेलनं धुवा आणि कोरडं करा. कंप्रेसरच्या हवेनं बेअरिंग गरगर फिरवायची पोरांना हौस असते, ती करू देऊ नका. रोलर सुटून डोळ्यात जाऊ शकतो.

टेपर बेअरिंगचे दोन भाग: रोलरवाला कोन आणि हबमध्ये ठोकलेला कप. नवा कोन जुन्या कपात बसवायचा नाही, जोडी एकत्रच बदलायची. कप मागच्या बाजूनं पितळी दांड्यानं, समोरासमोर आळीपाळीनं ठोकत काढा. नवा बसवताना जाड कड आत, रुंद तोंड बाहेर. ठोकायला जुना कपच वापरा, फक्त त्याचा बाहेरचा घेर ग्राइंडरवर जरा उतरवा, म्हणजे तो आत अडकणार नाही. कप अजून टेकला नसेल तर हातोड्याचा आवाज बद्द येतो. टेकला की टणक येतो, हातालाही कळतं. तिथं थांबा.

माप घेताना मेट्रिक बेअरिंगच्या नंबराचे शेवटचे दोन आकडे पाचनं गुणा: ३०२०७ म्हणजे आतलं भोक ३५ मिमी, ३०२०५ म्हणजे २५. परदेशी ट्रेलरला बऱ्याचदा इंची बेअरिंग असतं, तिथं हा हिशेब चालत नाही. जुना नमुना पिशवीत टाका आणि सोलापूरला जाऊन जुळवून आणा. सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी असे तीन आकडे असतात. बोटीसाठी दोन ओठांचंच मागा.

सील बसवण्याआधी एक्सलवर ते घासतं त्या जागी नख फिरवा. नख अडकलं तर चर पडलाय, आणि नवं सीलही तिथून गळणार. हलका चर असेल तर तेल लावलेल्या बारीक पॉलिश पेपरनं गोल घासा. खोल असेल तर लेथवाल्याकडं.

ग्रीस पाण्यात टिकणारं, मरीन बेअरिंगचं घ्या. जुन्यावर नवं थापायचं नाही. तळहातावर गोळा घ्या, कोनाची रुंद बाजू त्यावर दाबत राहा, रोलरच्या फटीतून वर ग्रीस आलं की पुढं सरका. कपालाही हात फिरवा. आतलं बेअरिंग ठेवा, मग सील, स्प्रिंगची बाजू बेअरिंगकडं. वर सपाट लाकडी ठोकळा ठेवून चौफेर हलके ठोके द्या. तिरकं गेलं तर दुसरं सील आणा. ओठाला बोटानं ग्रीस लावा.

हब चढवा, बाहेरचं बेअरिंग, वॉशर, नट. हब फिरवत नट पान्ह्यानं आवळा, म्हणजे रोलर जागेवर बसतात. मग पूर्ण ढिला करून फक्त बोटांनी आवळा. खाच पिनच्या भोकाशी जुळत नसेल तर नट किंचित मागं घ्या, पुढं नाही. चाक वर-खाली धरून हलवल्यावर अगदी नावाला खेळ जाणवला पाहिजे. घट्ट आवळलेलं बेअरिंग तापून निळं पडतं. पिन मात्र नवीच.

दहा-पंधरा किलोमीटर गेल्यावर थांबा, हबला हात लावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेवता येत नसेल तर नट पुन्हा बघा. चाकाचे नटही तिथंच आवळून घ्या. आणि काठावर पोचलात की लगेच ट्रेलर पाण्यात ढकलू नका, आधी बोटीचे दोर सोडा, सामान चढवा. तेवढ्यात हब गार होतो.