लिंकवर आपलंच नाव हवं

लालबागला आमचं मसाल्याचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी ऐन मसाल्याच्या सीझनला मी व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डरची लिंक पाठवली. फुकटात छोटी केलेली, पुढे नुसती कसलीतरी अक्षरं. गिरगावच्या एका काकूंचा लगेच फोन: "अगं, ही तूच पाठवलीस ना? मुलगा म्हणतो दाबू नकोस, खातं रिकामं होईल." पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक! पण मुलगा बरोबरच सांगत होता. त्या लिंकवर आमचं नाव होतंच कुठे?

तेव्हापासून लिंक आमच्याच नावाची. दुकानाची वेबसाइट असेल तर नवं डोमेन (म्हणजे वेबसाइटचं नाव) घेऊ नका, त्याचंच सबडोमेन करा, म्हणजे त्याच नावाच्या आधी एक शब्द जोडून केलेला पत्ता. शॉर्ट लिंकच्या, म्हणजे लांब पत्ता छोटा करून देणाऱ्या सर्व्हिसमध्ये 'कस्टम डोमेन'चा (आपलं नाव वापरायचा) पर्याय असतो. ती सर्व्हिस जो सीनेम रेकॉर्ड (आपलं नाव तिच्याशी जोडणारी नोंद) देईल, तो डोमेनच्या डीएनएस सेटिंगमध्ये टाकायचा; नाव कुठे न्यायचं ते तिथेच ठरतं. चालू व्हायला कधी काही तास लागतात. स्लॅशच्या पुढचा शब्द फोनवर सांगता येईल असा ठेवा: मालवणी, गोडा. इंग्रजीत टाकताना सगळी अक्षरं स्मॉल.

खरा फायदा मला पाकिटावर कळला. पाव किलोच्या पाकिटाचं स्टिकर केवढंसं! लांबलचक पत्त्याच्या क्यूआरचे ठिपके इतके बारीक यायचे की तेलकट बोट लागलं की फोन अडखळायचा. छोट्या लिंकचे ठिपके मोठे येतात, झटकन वाचले जातात. शिवाय ऑर्डरचं पान बदललं तरी छापलेली स्टिकर्स फुकट जात नाहीत, लिंक आतून नव्या पानाकडे वळवायची. त्यासाठी रिडायरेक्ट (लिंक वळवायचा प्रकार) ३०२ निवडा, म्हणजे तात्पुरता बदल. ३०१ म्हणजे कायमचा बदल. ब्राउझर तो लक्षात ठेवतो आणि जुनं गिऱ्हाईक जुन्याच पानावर जाऊन पडतं.

पाकीट, इन्स्टा, दुकानातला बोर्ड, प्रत्येकाला वेगळी लिंक द्या, आत यूटीएम (गिऱ्हाईक कुठून आलं ते सांगणारी खूण) जोडून. आमच्याकडे पाकिटावरून परत येणारे जास्त निघाले, म्हणून मी पॅम्फ्लेट छापणं थांबवलं.

एसएमएसने जाहिरात करत असाल तर लिंक आधी डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर) व्हाइटलिस्ट, म्हणजे मंजूर यादीत, करून घ्या. १ ऑक्टोबर २०२४ पासून ट्रायच्या (टेलिकॉम नियामकाच्या) नियमाने तशी नसलेली लिंक असलेला मेसेज अडवला जातो.

आणि सर्व्हिस कितीही मोठी असो, डोमेन आपल्याच खात्यात हवं. गूगलनेसुद्धा स्वतःची शॉर्ट लिंकची सेवा २०१९ मध्ये गुंडाळली. डोमेन आपलं असलं की सर्व्हिस बदलता येते, पाकीट नाही बदलावं लागत. मात्र त्याचं रिन्यूअल चुकवू नका. नाव सुटलं आणि दुसऱ्याने उचललं, तर आपल्या पाकिटावरून आपलंच गिऱ्हाईक त्याच्या दारात जाईल. मी ती तारीख गल्ल्यामागच्या कॅलेंडरवर लाल पेनने लिहून ठेवते.