टाक्यांची जखम थर्मल कॅमेऱ्यानं कशी बघायची

वहिनीचं सिझर झालं तेव्हा कोल्हापूरच्या राजारामपुरीत घरीच हे केलंय, म्हणून सांगतो. मोबाईलला लावायचा थर्मल कॅमेरा (कुठं गरम, कुठं थंड ते रंगांत दाखवणारा) घ्या, त्यात एमिसिव्हिटी, म्हणजे पृष्ठभाग किती उष्णता बाहेर टाकतो त्याचं सेटिंग, कातडीसाठी ०.९८ ठेवा. ड्रेसिंग बदलायला सिस्टर येतील तेव्हाच फोटो, त्यासाठी मुद्दाम पट्टी उघडू नका. पट्टी काढल्यावर फॅन बंद करून १०-१५ मिनिटं थांबा, कारण पट्टीखालची कातडी गरम असते आणि लगेच काढलेला फोटो फसवतो. दरवेळी अंतर तेच, कॅमेरा सरळ समोर, आणि नुसत्या रंगावर जाऊ नका, कुठला रंग म्हणजे किती टेंपरेचर ती स्केल ऑटोवर असली की लाल-पिवळं बदलतच राहतं, ती लॉक करा आणि टाक्यांचं टेंपरेचर चार बोटं लांबच्या कातडीशी ताडून बघा.

पहिले काही दिवस टाके गरम दिसणारच, भरतानाची सूज असते ती. पुढं फरक कमी होत जायला पाहिजे. आमच्यात सातव्या दिवशी डाव्या टोकाला रुपयाएवढा डाग परत गरम दिसला, वरनं कातडी साधीच होती बघा, तरी त्याच दुपारी डॉक्टरांना दाखवलं, आत पू धरायला लागला होता. थंड डाग दिसला तरी दाखवा, तिथं रक्तपुरवठा कमी असू शकतो. ताप, घाण वास, वाढतं दुखणं असेल तर कॅमेरा राहू दे, आधी दवाखाना गाठा, फोटो नॉर्मल असला तरी.