नर्सिंगसाठी व्हर्च्युअल मार्गदर्शक बनवायचा असेल तर

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना क्लिनिकल कौशल्यं शिकवणारा व्हर्च्युअल मार्गदर्शक बनवायचं ठरलं की नवखे लोक आधी सॉफ्टवेअर शोधतात, थ्रीडी वॉर्ड उभा करतात. ते राहू द्या. एकच कौशल्य निवडा आणि ते करताना विद्यार्थी कुठे अडखळतात ते शेजारी उभं राहून बघा.

बीपी घेण्याचंच बघा. पायऱ्या सगळ्यांना तोंडपाठ असतात. तरी दंडाला लहान पडणारा कफ (हवा भरायचा पट्टा) तसाच गुंडाळला जातो आणि आकडा उगाच जास्त येतो. कुणी नाडी न चाचपताच स्टेथोस्कोप लावतं. काही रुग्णांत पारा उतरताना नाडीचे आवाज मध्येच नाहीसे होऊन खाली पुन्हा ऐकू येतात. कफ फुगवताना नाडी लागायची थांबते त्याच्या २०-३० मिमी वर पारा नेला नसेल, तर अशा रुग्णाचं वरचं बीपी कमी नोंदलं जातं. मार्गदर्शकातले चुकीचे पर्याय अशा खऱ्या चुकांतून उचलायचे. उघड वेडगळ पर्यायाला कुणी फसत नाही. आणि चुकल्याबरोबर लाल फुली नको. तोच आकडा घेऊन प्रसंग पुढे जाऊ द्या. डॉक्टर औषध वाढवतील, रुग्णाला उठताना भोवळ येईल, मग कफाकडे बोट दाखवा.

चित्रीकरण कृती करून दाखवणाऱ्या नर्सच्या खांद्यामागून घ्या. समोरून घेतलं की बघणाऱ्याला डावं-उजवं मनात उलटवत बसावं लागतं.

वैद्यकीय कौशल्य कितपत आलं ते जोखायला जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये मांडलेल्या पिरॅमिडच्या चार पायऱ्या आहेत: माहीत असणं, कसं करायचं ते कळणं, करून दाखवणं, प्रत्यक्ष कामात करणं. माझ्या मते पडद्यावरचा मार्गदर्शक दुसरीपर्यंतच भरवशाने नेतो. पारा सेकंदाला २-३ मिमीने उतरावा म्हणून झडप किती सैल करायची, हे बोटांनाच कळतं. काम देणाऱ्यांना हे पहिल्याच बैठकीत सांगा, नाहीतर मॅनिकिनवरच्या (सरावाच्या पुतळ्यावरच्या) सरावाचे तास कापले जातात (आणि खापर तुमच्यावर फुटतं).

बदलू शकणारे आकडे निवेदकाच्या आवाजात कधीच नकोत. सीपीआरमध्ये (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून करायच्या उपचारात) अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१० मध्ये मिनिटाला किमान १०० वेळा छाती दाबायला सांगितलं होतं; २०१५ मध्ये ते १०० ते १२० झालं. आवाजात आकडा असेल तर पुन्हा रेकॉर्डिंग आलं. निवेदक ‘पडद्यावर दिलेल्या वेगाने’ म्हणू दे, आकडा मजकुरात ठेवा आणि तो शेवटचा कधी तपासला ती तारीख पहिल्याच पानावर टाका.