साइझ हलली की लगेच ऑफसेट मारू नका: छोट्या मशीन शॉपमध्ये या चुका टाळा

पुण्यात भोसरीपासून तळवड्यापर्यंत आणि इकडे नऱ्हे-शिवण्यात दोन सीएनसी (संगणकावर चालणारी मशीन) आणि एक जुना लेथ यांवर चालणारे गाळे गल्लोगल्ली आहेत. त्यांच्या अडचणी ऐकल्या की एक सवय सगळीकडे दिसते: आकडा दुरुस्त करायचा आणि कारण तसंच सोडायचं. साइझ हलली, ऑफसेट मारला, म्हणजे कंट्रोलरमध्ये आकडा टाकून टूल थोडं सरकवलं. माणूस गेला, दुसरा आणला. पेमेंट अडलं, उसनवारी केली. त्या दिवसाचा माल निघतो, पण बिघाड आतच राहतो आणि पुढच्या वेळी जास्त खर्चात पाडतो.

साइझ नेमकी कशी हलते ते आधी बघा

सकाळी आठला ओके निघालेला बोअर (जॉबमधलं, म्हणजे मशीनवर लावलेल्या तुकड्यातलं भोक) अकरापर्यंत सरकत जातो. ऑपरेटर ऑफसेट देत राहतो. रात्री मशीन थंड होतं, ऑफसेट मात्र कालचाच राहतो आणि सकाळचे पहिले काही जॉब रिजेक्शनच्या ट्रेमध्ये जातात. हे रोज होत असेल तर मशीन तापतंय, एवढंच समजा. स्पिंडल (जॉब फिरवणारा दांडा) आणि बॉल स्क्रू (टूल सरकवणारा स्क्रू) तापले की लांबतात. शिफ्ट सुरू होताना १५-२० मिनिटं स्पिंडल मध्यम स्पीडला फिरवा, दोन्ही ॲक्सिस पूर्ण ट्रॅव्हल चालवा, मगच पहिला जॉब लावा.

मोजतानाही गफलत होते. ५० मिमी व्यासाचा स्टीलचा जॉब सामान्य तापमानापेक्षा २० अंशांनी गरम असेल, तर तो ११-१२ मायक्रॉन मोठा भरतो. टॉलरन्स २० मायक्रॉनचा असला तर निम्म्याहून जास्त तिथेच गेला. पार्टीकडे तोच जॉब एसी रूममध्ये मोजला जातो आणि अंडरसाइझ म्हणून परत येतो. ॲल्युमिनियमला हा फरक जवळपास दुप्पट. जॉब सरफेस प्लेटवर निवू द्या, मग मायक्रोमीटर लावा.

साइझ हळूहळू एकाच बाजूला सरकत असेल तर मशीन तापतंय किंवा इन्सर्ट (टूलची बदलायची धार) झिजतोय. ती मागेपुढे उड्या मारत असेल तर इन्सर्टच्या सीटखाली अडकलेली चिप, ढिला स्क्रू, नीट क्लॅम्प न होणारा टरेट (टूल धरणारं फिरतं डोकं) किंवा बॅकलॅश (दिशा बदलताना जाणवणारा स्क्रूतला ढिलेपणा) शोधा. बॅकलॅश बघायला डायल लावा, ॲक्सिस ०.०१ मिमीच्या पायऱ्यांनी एका दिशेला न्या आणि मग उलट फिरवा. सुई हलायला लागेपर्यंत जेवढ्या पायऱ्या वाया गेल्या, तेवढा बॅकलॅश. जॉब लंबगोल येत असेल तर आधी चकचं, म्हणजे जॉब पकडणाऱ्या जबड्यांचं (जॉ), प्रेशर कमी करा. पातळ भिंतीचा जॉब जॉमध्ये दबतो आणि सोडल्यावर आकार बदलतो. टेपर येत असेल, म्हणजे जॉब एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला बारीक निघत असेल, तर तो चकबाहेर किती निघालाय, टेलस्टॉक (जॉबचं दुसरं टोक धरणारा भाग) सेंटरला आहे का, हे पाहून मग मशीनची लेव्हल तपासा. हेडस्टॉकला (स्पिंडल बसवलेल्या भागाला) हात सगळ्यात शेवटी, तोही जाणकाराचा.

अचानक सुरू झालेल्या टेपरचं कारण बऱ्याचदा वेगळंच निघतं: रात्रपाळीत टूल धडकलेलं असतं आणि ऑपरेटरने भीतीपोटी सांगितलेलं नसतं. म्हणून धडक झाली असं येऊन सांगणाऱ्या पोरावर कधीच ओरडू नका. त्याने सांगितलं तर दहा मिनिटांत अलाइनमेंट बघता येते. लपवलं तर पुढचा आठवडाभर सगळे ऑफसेटशी झगडतात.

शुक्रवार सकाळचा वास

भोसरी-पिंपरी पट्ट्यात गुरुवारी सुट्टी असते. शुक्रवारी शटर वर केलं की कूलंटचा (कापताना जॉबवर सोडायच्या तेल-पाण्याचा) कुजका वास येतो आणि कोणीतरी टाकीत फिनेल ओततं. त्याने काही होत नाही. स्लाइडवेचं (टूल सरकतं त्या पट्ट्यांचं) तेल गळून कूलंटवर थर धरतं, पंप बंद असल्याने खाली हवा पोचत नाही आणि तिथे बॅक्टेरिया वाढतात. बुधवारी शिफ्ट संपताना वरचं तेल काढून टाका. खाली जमलेला कीसही ठरावीक दिवसांनी उपसा.

टाकी कमी झाली की नुसतं पाणी ओतणं ही दुसरी चूक. कूलंट पातळ होतं, जॉबवर गंज येतो आणि दोष मटेरियलला दिला जातो. कूलंट किती दाट आहे ते दाखवणारा रिफ्रॅक्टोमीटर घ्या. कूलंटच्या कंपनीने दिलेल्या फॅक्टरने रीडिंग गुणा आणि साध्या टर्निंगला ५ ते ८ टक्के ठेवा. मिसळताना पाण्यात तेल घाला, तेलात पाणी नाही. बोअरवेलचं पाणी जड असेल तर चांगलं कूलंटही टिकत नाही.

लुब्रिकेशनच्या टाकीतली पातळी आठवडाभर खाली गेली नाही तर खूश होऊ नका. तेल स्लाइडवेपर्यंत पोचतच नाहीये, लाइन चोक आहे किंवा पंप मेलाय. कॉम्प्रेसरचं पाणी रोज सोडा. कंट्रोलरच्या आणि एन्कोडरच्या बॅटरीचा अलार्म आला की ती मशीन चालू ठेवूनच बदला. पॉवर बंद करून काढली तर पॅरामीटर किंवा झिरो उडण्याची भीती असते. पॅरामीटरचा बॅकअप आजच घेऊन ठेवा. खंडेनवमीला मशीनची पूजा आपण मनापासून करतो, पण पॅनेलचा फिल्टर साफ व्हायला वर्षभर खंडेनवमीची वाट पाहू नये.

या गोष्टींना तडजोड नाही

लेथवर हातमोजे घालून काम करू देऊ नका. हातमोजा फिरत्या जॉबमध्ये अडकला की हात सोडवायला वेळ मिळत नाही. चकची चावी चकमध्ये राहता कामा नये. कीस हाताने ओढायचा नाही, हूक वापरायचा. सायकल टाइम वाचवायला दरवाज्याचा स्विच बायपास केलेला दिसला तर मशीन तिथेच थांबवा, डिस्पॅच कितीही तातडीचा असो. माणूस आपल्या भरवशावर मशीनसमोर उभा असतो.

माणसं टिकत नाहीत ही तक्रार मीही रोज ऐकतो. चाकणच्या कंपनीइतका पगार छोट्या गाळ्याला परवडत नाही, हे खरं आहे. पण पगाराची तारीख पाळणं, ओव्हरटाइमचा हिशेब लिहून देणं आणि औंध आयटीआयमधून आलेल्या मुलाला सहा महिने नुसती बर (कापल्यावर कडेला राहणारी धारदार किनार) काढायला न लावता सेटिंग शिकवणं परवडतं. सगळं सेटिंग एकाच उस्तादाच्या डोक्यात असेल तर तो रजेवर गेला की शॉप बंद. प्रत्येक जॉबची सेटिंग शीट करा: कुठला जॉ, किती प्रेशर, कुठला इन्सर्ट, किती जॉबनंतर धार बदलायची.

रेट काढताना

समजा एका मशीनचा महिन्याचा हप्ता ४५,००० रुपये, दोन शिफ्टचे ऑपरेटर ४०,०००, वीज १५,०००, भाड्याचा वाटा १२,०००, टूल-कूलंट-देखभाल १८,०००. एकूण १,३०,०००. बरेच जण याला २६ दिवस गुणिले १६ तास, म्हणजे ४१६ ने भागतात आणि ताशी ३१३ रुपये रेट देतात. पण सेटिंग, इन्स्पेक्शन, वीज जाणं, मटेरियलची वाट बघणं धरलं तर मशीन प्रत्यक्षात २७० तास चालतं. मग खर्चच ताशी ४८१ रुपये होतो. मशीन दिवसरात्र चालू असूनही हातात काही उरत नाही, ते यामुळे. महिनाभर ऑपरेटरला चालू-बंदच्या वेळा लिहायला लावा आणि त्या तासांवर रेट काढा.

पेमेंटसाठी उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारकडची नोंदणी) करून घ्या आणि नंबर बिलावर छापा. एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायदा, २००६ नुसार सूक्ष्म-लघु उद्योगाला ठरलेल्या मुदतीत पैसे मिळाले पाहिजेत, आणि लेखी करार असला तरी ही मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. माल स्वीकारल्याच्या तारखेपासून दिवस मोजले जातात, त्यामुळे चलनावर पार्टीचा सही-शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय टेम्पो परत आणू नका.